कानशीचं पाणी

मी एक जुनी कानस आहे. खरं सांगायचं तर पूर्ण कानसही नाही, तिच्या टोकाचा दीड इंचाचा तुकडा आहे. सध्या माझा मुक्काम प्लास्टिकच्या एका छोट्या डबीत आहे आणि ती डबी रामकिसन नावाच्या माणसाच्या सदऱ्याच्या खिशात. जालन्याच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी मला चिमट्याने बाहेर काढलं, धुतलं आणि "हे घ्या तुमचं" म्हणून त्याच्या हातावर ठेवलं. कुठून बाहेर काढलं ते ऐकायचं असेल तर काळीज घट्ट करून बसा, मित्रांनो. माझी गोष्ट गोड नाही. मी आयुष्यभर चावतच आले.

आणि चावणार नाही तर काय करणार? जन्मच मुळी मारहाणीत झाला. आधी भट्टीत घालून लाल केलं, मग घणाखाली चेपलं. मग पोलादी छिन्नीने अंगावर तिरप्या रेघा हाणल्या, एकीवर एक, एकीला छेदून दुसरी. त्या जखमांनाच लोक दात म्हणतात. एवढ्यावर भागलं नाही म्हणून पुन्हा भट्टीत घातलं आणि लालभडक असतानाच खसकन मिठाच्या पाण्यात बुडवलं. अशी किंचाळले म्हणता! याला 'पाणी देणं' म्हणतात. पाणी दिलं की पोलाद कडक होतं, इतकं कडक की दुसऱ्या लोखंडाला खाऊन टाकतं. बाहेर निघाले तेव्हा कानशींच्या ढिगात माझ्याइतकी मिजासखोर दुसरी कोणी नव्हती. आमच्या भरड दातांच्या जातीला इंग्रजीत एक नाव आहे, ते म्हणजे चक्क शिवी. फिटर लोक ते बिनदिक्कत घेतात. तुमच्यासमोर घेतलं तर तुमचे गुरुजी माझे उरलेसुरले दात उपटतील, म्हणून राहू द्या.

मला विकत घेतलं जालन्यातल्या सळयांच्या एका कारखान्याने, ज्याला सगळे मिल म्हणायचे, आणि मी पडले रामकिसनच्या हातात. तो तिथे फिटर होता. हात सोन्याचा आणि डोकं पेटलेलं. त्याने मला लोखंडावर टेकवून रेटलं की कीस उडायचा आणि मला वाटायचं, वा रे पठ्ठे, माझ्या जोडीचा माणूस भेटला! मोटारी, पट्टे, तापलेल्या सळया यांच्या गोंगाटात तो सतत ओरडून बोलायचा. तिथे ओरडल्याशिवाय शेजारच्यालाही ऐकू जात नसे, हे खरं. पण तो ओरडा घरीही सोबत न्यायचा. मस्तगड भागातल्या भाड्याच्या खोलीत "मीठ दे" म्हणाला तरी शेजारचे दार लावून घ्यायचे. त्याची बायको कौसल्या म्हणायची, "अहो, मी समोर बसले. मिलमधी न्हाई बसले." आणि हातात येईल ते फेकायची त्याला सवय होती. पाना, हातोडी, चहाचा गिलास. मलाही त्याने दोन-तीनदा भिंतीवर आपटलं होतं. भिंतीचा पोपडा निघाला, मला काही झालं नाही. मी आणखीच फुगले.

त्याच कारखान्यात त्याचा धाकटा भाऊ लागला, भारत. रामकिसननेच शब्द टाकून त्याला लावलं होतं. भारत त्याला दादा म्हणायचा आणि अर्धा दिवस त्याच्या मागे-मागे असायचा. एका दुपारी भारतने काय करावं? अडकून बसलेलं बेअरिंग उचकटायला मलाच फटीत घालून दाबलं. माझी मूठ निसटून पडली आणि मागची अणकुचीदार शेपटी उघडी पडली. रामकिसनने ते पाहिलं.

"कानशीनं बेअरिंग काढतो? अक्कल गहाण ठेवली का रे!" असं म्हणत त्याने मला हिसकावलं आणि फेकलं.

भिंतीवर नाही. भारतवर. मी गरगरत गेले आणि शेपटीने त्याच्या डाव्या भुवईत घुसले. हाडाला लागून थांबले. गरम रक्त माझ्या दातांत भरलं. मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मला मजा वाटली. आजवर लोखंड खाल्लं होतं, माणूस पहिल्यांदाच चाखला, आणि माणूस किती मऊ असतो याचं मला हसूच आलं. आज ते हसू आठवलं की लाज वाटते.

भारतला सात टाके पडले. साहेबाने विचारलं तेव्हा त्याने "पाय घसरून पडलो" असं सांगितलं आणि भावाची नोकरी वाचवली. पण संध्याकाळी फाटकापाशी तो रामकिसनला म्हणाला, "तू तुझ्या रस्त्यानं जाय, मी माझ्या." दादा म्हणाला नाही. महिन्याभरात नोकरी सोडून तो वाटूरला गेला आणि फाट्यावर वेल्डिंगचं दुकान टाकलं. त्यानंतर नऊ वर्षं दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. लग्नाकार्यात समोरासमोर आले तर भारत पंगत बदलायचा.

रामकिसनने मला फेकून दिलं नाही आणि वापरलंही नाही. तेलाच्या फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवलं. तिथे मी कुढत पडले.

नोकरी संपली तेव्हा नवरा-बायको आष्टीला आपल्या घरी आले. रिकामपण रामकिसनला खाऊ लागलं आणि तो कौसल्याला खाऊ लागला. मग एके दिवशी मोबाइलवर त्याने कुठल्याशा म्हाताऱ्याला लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवून कातायच्या यंत्रावर, वाडगे काढताना पाहिलं. झालं! भंगारातून शाफ्ट आणला, चकती आणली, जुन्या कडबाकुट्टीची मोटार काढून बसवली आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लेथ उभा राहिला. कडबाकुट्टीची मोटार म्हणजे दांडगट. लाकूड त्या चकतीवर आवळून बटण दाबलं की सगळी शेड थरथरायची.

पहिला वाडगा कडुलिंबाचा. तो रामकिसनने लोखंडासारखा रेटला, तसा तो चकतीवरून सुटला आणि पत्र्याला पोचा पाडून गेला. दुसऱ्याने कोपऱ्यातला माठ फोडला. तिसरा त्याच्या बरगडीत बसला आणि तो आठ दिवस कुशीवर झोपू शकला नाही. त्याने लाकडाला शिव्या घातल्या, ओंडके लाथेने उडवले, आणि एक तर कुऱ्हाडीने फोडून चुलीत घातला. कौसल्या दारातून बघायची. "घाला, अजून घाला शिव्या," म्हणायची, "लाकडाला लई समजून राह्यलं!"

पण तेरावा की चौदावा वाडगा नीट निघाला. शिसवीचा होता, तळहाताएवढा, कडा पातळ आणि गुळगुळीत. रामकिसन तो हातात घेऊन किती तरी वेळ बसला होता. रात्री जेवताना म्हणाला, "कौसल्या, लाकूड ओरडून ऐकत न्हाई बघ. त्याच्या कलानंच घ्यावं लागतं." पेटीच्या तळाशी पडल्या पडल्या मी ऐकलं आणि मनात म्हटलं, बाप रे, हा माणूस बिघडला!

कौसल्याने मात्र ते वाक्य बरोबर पकडलं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "लाकडाच्या कलानं घेता येतं, मंग भावाच्या का न्हाई? नऊ वर्षं झाली. तोंडानं माफी मागणं तुमच्यानं व्हायचं न्हाई, मला ठाऊक हाय. हातानं मागा. मीनाला एक काठवट करून द्या."

मीना म्हणजे भारतची बायको, आणि काठवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात. रामकिसनला आयुष्यात आता दुसरं काही नको होतं. भारतने एकदा, फक्त एकदा, पुन्हा दादा म्हणावं, एवढंच हवं होतं. त्याने बाभळीचा जाडजूड ओंडका आणला. तो आतून कोरायला त्याच्या बारक्या पटाश्या पुरेनात. तेव्हा त्याने पेटी उघडली आणि मला बाहेर काढलं.

"जिनं डोकं फोडलं, तिच्याच हातून काठवट करतो," तो कौसल्याला म्हणाला. मला वाटतं, यात त्याचं मन चांगलंच होतं. पण घोडचूक तिथेच झाली.

मला पटाशी करायची म्हणून तो आधी देवानंद लोहाराकडे गेला. देवानंदने मला ऐरणीच्या कडेवर हलकेच वाजवून ऐकलं आणि मान हलवली. "रामकिसनभाऊ, हिचं पाणी उतरवावं लागतंय. कानशीचं पाणी लई कडक. मंद जाळावर गव्हाच्या काडीचा रंग चढंस्तोवर शेकतो, जरा नरम येईल. दातबी पुरते घासून काढा, चीर दाताच्या बुडातूनच पडती. न्हाईतर धक्का बसला की काचेवानी फुटती ही."

पाणी उतरवायचं! माझं! मी लोहाराच्या हातात अशी तापले म्हणता! आणि माझ्यासारखाच रामकिसनही तापला.

"अठ्ठावीस वर्षं लोखंड कातलं मी! हत्यार जितकं कडक तितकं चांगलं. नरम करून त्याचं लोणी लावायचं का पोळीला?"

"लोखंडाच्या लेथवर हत्यार नटबोल्टात आवळलेलं असतंय, भाऊ. लाकडाच्या लेथवर ते तुमच्या हातात राहतंय. सगळा दणका त्यालाच बसतो."

"बिलकुल शिकवू नको मला," असं ओरडून रामकिसनने मला ओढून घेतलं. लोहार बिचारा भात्याकडे वळला.

घरी त्याने मला नवी मूठ बसवली आणि ग्राइंडरवर माझं टोक गोल घासलं. टोकाचे दात गेले, पण पाठीवरचे तसेच राहू दिले. घासताना मी तापून निळी पडले असते तर माझं पाणी आपोआप उतरलं असतं. पण तो दर दोन मिनिटांनी मला थंड पाण्यात बुडवत होता, अगदी जपून. त्याला वाटलं, तो माझी काळजी घेतोय. मी तर हरखूनच गेले.

बाभूळ मोठी चिवट. पहिल्या दिवशी तिला सोलताना मला पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटलं. लाल भुसा उडत होता आणि काठवट आकाराला येत होती. दुसऱ्या दिवशी लाकडात एक गाठ लागली. दर फेऱ्याला ती गाठ मला दणका द्यायची. शंभरेक दणक्यांनंतर पाठीवरच्या एका दाताच्या बुडाशी मला काहीतरी टिचलेलं जाणवलं. केसाएवढी चीर. लोहार म्हणाला होता तिथेच. मला समजलं, मित्रांनो. पण मी थरथरले नाही, सूर बदलला नाही, अंग घट्ट आवळून धरलं. कानशीला चीर गेली म्हणून कोणी दया दाखवलेली मला नको होती. त्या मिजाशीची किंमत मी मोजली नाही, दुसऱ्याने मोजली.

बाजाराच्या दिवशी कौसल्याने भारतला फोन केला. काय बोलली देव जाणे, पण दुपारी तो आला. भुवईवरचा वण तसाच पांढरा होता. कौसल्या म्हणाली, "भाऊजी, मागं शेडमधी हायेत ते. तुमच्यासाठीच काम करून राह्यले."

मोटार चालू होती. रामकिसनच्या डोळ्यांवर मिलमधला जुना चष्मा होता, भारतच्या डोळ्यांवर काहीच नव्हतं. भारत येऊन लेथच्या पलीकडे, भिंतीला टेकून उभा राहिला. मोटारीचं बटण नेमकं त्याच्या पाठीमागे होतं. नऊ वर्षांनी भाऊ समोर आला तरी मशीन बंद करावं, 'ये, बस' म्हणावं, हे रामकिसनला सुचलं नाही. तो तसाच कोरत राहिला.

भारतची नजर माझ्यावर पडली. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

"हीच का ती?" त्याने विचारलं.

"हीच," रामकिसन मोटारीच्या आवाजावरून ओरडला. "फेकून द्यायची होती का?"

"फेकायला तर तू हुशारच हायेस."

रामकिसनच्या कानशिलावरची शीर तटतटली. तेवढ्यात गाठ पुन्हा आली आणि माझी चीर आणखी फाकली. आता मला सूर लपवता आला नाही. टण्ण असा वेगळाच आवाज निघाला. रामकिसनच्या हाताला तो कळला. काठवट सुटतेय की हत्यार तुटतंय हे त्याला कळेना, पण काहीतरी उडणार आणि ते भारतच्याच दिशेने जाणार, एवढं त्याने ओळखलं.

"सरक!" तो ओरडला. "हो तिकडं! सरक म्हन्तो ना, गाढवा!"

तोच आवाज. तेच लाल डोळे, तेच ताणलेले जबडे. मित्रांनो, भीतीने ओरडणारा रामकिसन आणि रागाने ओरडणारा रामकिसन यांत मलाही फरक करता आला नसता. भारतला कसा करता येणार? त्याने पाठ भिंतीला आणखीच घट्ट लावली.

"न्हाई सरकत," तो म्हणाला. "लई सरकलो. काय करशील? मारशील? मार!"

रामकिसनने मला एका हातात ठेवलं आणि दुसरा हात भारतच्या मागच्या बटणाकडे लांबवला. एका हाताने मी सावरणार कशी? माझं टोक खाली झुकलं आणि गाठीत रुतलं. लेथने मला हिसडा मारला आणि मी मोडले. मागचा भाग मुठीसकट रामकिसनच्या मनगटावर आदळून त्याची नस फाडत गेला. पुढचा तुकडा, म्हणजे ही मी, सुटले ती सरळ भारतच्या डाव्या डोळ्यात.

या वेळी मला हसू आलं नाही. तो ओरडला नाही, फक्त "आई गं" म्हणून खाली बसला आणि दोन्ही तळहात तोंडावर धरले. बोटांमधून रक्त आणि पाणी मिसळून गळत होतं. मागे मोटार गरगरतच होती आणि काठवट फिरतच होती. कौसल्या किंचाळत आली आणि तिने बटण बंद केलं. रामकिसन आपल्या फाटलेल्या मनगटाने भावाचं डोकं छातीशी धरून बसला होता. कुठलं रक्त कुणाचं ते कळत नव्हतं.

"मी मारलं न्हाई रे," तो ओरडत होता, "भारत, आईशप्पत, या बारीला मी मारलं न्हाई!"

शेजारच्या जीपने दोघांना जालन्याला नेलं. वाटूरचा फाटा आला तेव्हा भारतचं दुकान बंद दिसत होतं. मी अजून त्याच्या डोळ्यातच होते. गाडी खड्ड्यात आदळली की तो दात आवळायचा आणि मला वाटायचं, माझ्यावर गंज चढावा, माझा भुगा व्हावा, पण इथून मला कोणीतरी काढा.

डॉक्टरांनी काढलं. डोळा मात्र गेला.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाला हौस म्हणून लाकूड कातावंसं वाटलं, तर खुशाल काता. त्यासारखं सुंदर काम नाही. पण जुन्या कानशीची पटाशी करू नका. केलीच तर लोहाराचं ऐका, तिचं पाणी उतरवा. डोळ्यांवर चष्मा लावा, आणि बघायला आलेल्यालाही द्या. मशीनचं बटण स्वतःच्या हाताशी ठेवा. एवढी काळजी घेतली तर माझ्यासारखी एखादी अडाणी, गर्विष्ठ वस्तू तुमच्या घरात कुणाचा डोळा घेणार नाही. आणि घरातल्या माणसांवर रोज इतके ओरडू नका, की खरंच जिवावर बेतेल तेव्हा तुमची हाक त्यांना शिवीच वाटेल. हे मी रामकिसनकडे बोट दाखवून सांगत नाही. मीही तशीच होते.

तीन दिवस रामकिसन मनगटाला पट्टी बांधून दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होता. आत जायची त्याला हिंमत होत नव्हती. मीना त्याच्या समोरून जायची, यायची, एक शब्द बोलायची नाही. काल सकाळी तीच थांबली. "मी डबा आणायला चालले," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "त्यांच्यापाशी कुणीतरी बसाया पाहिजे."

रामकिसन आत गेला. डोळ्याची हालचाल होऊ नये म्हणून भारतच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. रामकिसन स्टुलावर बसला. मग तो खाटेवर वाकला आणि इतक्या हळू बोलला की खिशात असूनही मला जेमतेम ऐकू आलं.

"दूध घेतोस का थोडं?"

भारतने मान वळवली. "कोण हाय?"

"मी."

"मी कोण? नवीन लागला का तू इथं?"

"मी हाय रे. रामकिसन."

खिशातल्या डबीत मला रामकिसनचं काळीज धडधडताना ऐकू येत होतं. भारतने हात पुढे करून चाचपडलं. मनगटाची पट्टी त्याच्या बोटांना लागली आणि तिथेच त्याने हात ठेवला.

"मोठ्यानं बोल की, दादा," तो म्हणाला. "असा बोललास तर वळखू कसा येशील मला?"

रामकिसनने दोनदा तोंड उघडलं, पण त्याला मोठ्याने बोलता आलं नाही.